गिझरच्या कॉईलवर क्षार बसतो, मग नसांत का नाही? (आईच्या हाडांचा रिपोर्ट)

सोलरवाला वडगाव

नमस्कार मंडळी. मी मूळचा निपाणीचा, पंधरा वर्षं झाली बेळगावात वडगावला आहे. सोलर आणि गिझर दुरुस्तीचं काम करतो. शिक्षण दहावी आणि आयटीआय, तेव्हा उत्तर देताना तेवढं सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची, निपाणीलाच असते. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसली की दिवेलागणीला उठायची, आणि बसायची ती आतल्या खोलीत. दीड वर्षापासून कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात. खाली बसली तर उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकत टेकत वर येते. चालते ती डुलत, बदकासारखी. शेजारणी हसतात, तिला ते फार लागतं.

आधी एका ठिकाणी दाखवलं. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलंय म्हणून लिव्हरचं औषध तीन महिने दिलं. फरक शून्य. मग बेळगावला आणलं. इथल्या डॉक्टरांनी परत रक्त काढलं, एक्स-रे काढला आणि कानडीत म्हणाले, "एलुबु मेत्तग आग्याव." हाडं मऊ झालीत. बाहेर तीस पेशंट बसलेले, पुढं काय विचारणार?

रिपोर्ट असा: अल्कलाइन फॉस्फटेज ३८६, व्हिटॅमिन डी ७, कॅल्शियम ८.३, फॉस्फरस २.१, पीटीएच वाढलेलं, जीजीटी आणि क्रिएटिनिन नॉर्मल. आठवड्याला एक डीची पुडी दिली आहे, ६०,००० युनिटची, दुधातून.

आता माझं कोडं. कॅल्शियमची गोळी ती दोन वर्षं न चुकता घेते. ती जाते कुठं?

दुसरं आमच्या धंद्यातलं. बोअरचं पाणी तापलं की कॉईलवर क्षार धरतो. काही घरांत कॉईल काढली तर मनगटाएवढी जाड झालेली असते, ॲसिडमध्ये बुडवावी लागते. रक्तातही कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे, अंग गरम आहे, आणि पाणी चोवीस तास फिरतंय. मग नसा का तुंबत नाहीत? क्षार नेमका हाडातच का बसतो? आणि माझ्या आईच्या हाडात का बसेना?

करदंट

दादा, पायाचं सूप पाजा. आमच्या आजीची हाडं ९० व्या वर्षी लोखंडासारखी होती. आणि नाचणीची आंबील. बाकी मला कळत नाही, पण कॉईलचा प्रश्न जोरात आहे.

टिळकवाडीची आजी

सोलरवाले, तुमचा प्रश्न वाचून चहा बाजूला ठेवला. तीस वर्षं मेडिकलच्या पोरांना बायोकेमिस्ट्री शिकवली. हाडात कॅल्शियम कसं जातं हे सगळ्यांनी पाठ केलं. नसा का तुंबत नाहीत, असं एकानंही विचारलं नाही. आणि खरी गोम तिथंच आहे.

सोलरला पाणी चढतं तिथं फिल्टरच्या भांड्यात तुम्ही काचेसारखे फॉस्फेटचे गोळे टाकत असाल. ते गोळे पाण्यातला क्षार काढून घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पाणी तेवढंच जड राहतं. गोळ्यातून जे पॉलिफॉस्फेट विरघळतं ते क्षाराच्या नुकत्या जन्मलेल्या कणाला जाऊन चिकटतं, म्हणून तो कण वाढत नाही. चिमूटभर पुरतं.

तसाच गोळा आपल्या अंगात आहे. त्याला पायरोफॉस्फेट म्हणतात, म्हणजे दोन फॉस्फेट हातात हात घालून उभे. हर्बर्ट फ्लाइश नावाच्या स्विस डॉक्टरनं १९६० च्या दशकात दाखवलं, की ते आपल्या लघवीत आणि रक्तात असतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक अडवतं. नळात क्षार धरू नये म्हणून कारखानदार वापरतात त्याच कुळीचं. पेशींच्या बाहेर एटीपी नावाचं रसायन येतं (पेशीचं चलन म्हणा), ते एक एन्झाइम कापतं आणि त्यातून हे पायरोफॉस्फेट तयार होत राहतं. अखंड, रात्रंदिवस.

शिवाय आणखी पहारेकरी आहेत. लिव्हर फेट्यूइन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं, ते कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक कण गुंडाळून घेतं. नसांच्या भिंतीत मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन असतं, त्याला व्हिटॅमिन के लागतं. १९९७ साली उंदरांतून या शेवटच्या प्रथिनाचा जनुक काढून टाकला, तर त्या उंदरांच्या रोहिण्या हाडासारख्या कडक झाल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते मेले. म्हणजे तुमची शंका रास्त होती. पहारा उठला तर नसांत क्षार धरतोच.

तेव्हा प्रश्न उलटा धरा. सगळ्या अंगात क्षार धरायला टपलेला आहे आणि सगळीकडे त्याला अडवून ठेवलंय. हाड म्हणजे जिथं पहारा मुद्दाम उठवलाय ती जागा.

उठवतं कोण? तुमच्या रिपोर्टात पहिलं नाव आहे तेच. अल्कलाइन फॉस्फटेज. हाड घडवणारी पेशी, ऑस्टिओब्लास्ट, हे एन्झाइम आपल्या अंगावर बाहेरच्या बाजूला रोवून ठेवते. ते पायरोफॉस्फेट मधोमध फोडतं. एका फटक्यात दोन कामं होतात: अडवणारा गेला, आणि त्याचेच दोन सुटे फॉस्फेट बांधकामाला मिळाले. चौकीदाराला फोडून त्याच्याच विटा केल्या म्हणा. हाड घडण्याशी या एन्झाइमचा संबंध आहे हे रॉबर्ट रॉबिसननं १९२३ मध्येच सुचवलं होतं, पण त्याला वाटलं होतं की फॉस्फेट पुरवणं एवढंच त्याचं काम. पहारा उठवण्याचा भाग नंतर कळला.

आता जागा कुठली? तिथं सळ्या आहेत. कोलाजेन. तीन धाग्यांचा पीळ, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). हे दोर एकाशेजारी एक, पण सरळ रांगेत नाहीत. प्रत्येक ओळ ६७ नॅनोमीटरनं पुढं सरकवलेली, आणि मधे मधे चाळीसेक नॅनोमीटरच्या फटी. वीटकामात सांधे फिरवून घेतात तसं. स्फटिक या फटींतून आत धरतात. आणि इथली गंमत मला आजही आवडते: फेट्यूइन अंगानं जाड असल्यामुळं कोलाजेनच्या तंतूच्या आत शिरूच शकत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट बारके, ते शिरतात. पहारेकरी दाराबाहेर आणि आत बांधकाम चालू.

तुम्ही म्हणाल, कोलाजेन तर कातडीतही आहे. आहे, आणि तेही याच जातीचं. पण कातडीत ते फोडणारं एन्झाइम पुरेसं नाही. २००५ साली संशोधकांनी उंदराच्या कातडीत ते मुद्दाम तयार करवलं, आणि कातडीत खरंच क्षार धरला. कोलाजेन आणि फॉस्फटेज एका जागी आले की काम सुरू होतं. दोन्ही एका जागी आणते ती हाडाची आणि दाताची पेशी.

तुमच्या आईचं बघू. शरीरात कॅल्शियम साधारण किलोभर, त्यातलं ९९ टक्के हाडात. आतड्यातून ते आत ओढून घ्यायला व्हिटॅमिन डी लागतं. डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी १०-१५ टक्केच आत येतं, डी असेल तर ३०-४० टक्के. गोळी जाते कुठं याचं उत्तर हेच, बरीचशी सकाळी संडासात जाते. रक्तातलं कॅल्शियम उतरायला लागलं की गळ्याजवळच्या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन वाढवतात. ते कॅल्शियम सांभाळतं, पण मूत्रपिंडाला सांगतं की फॉस्फेट सोडून दे. म्हणून तुमच्याकडं कॅल्शियम जेमतेम आणि फॉस्फरस २.१. हाडाच्या स्फटिकात दहा कॅल्शियमला सहा फॉस्फेट लागतात. एकाची टंचाई झाली तरी काम थांबतं, इथं तर दोन्हींची आहे.

सळ्या बांधल्या, सेंटरिंग लागलं, आणि काँक्रीटची गाडीच येईना. पेशी मात्र कोलाजेन टाकत बसल्यात आणि फॉस्फटेज वाढवत बसल्यात, साइटवर मुकादम गाडीवाल्याला फोनवर ओरडतो तसं. ते ओरडणं म्हणजे तुमचे ३८६.

लिव्हरचा घोळ का झाला तेही सांगते. लिव्हरमधलं आणि हाडातलं अल्कलाइन फॉस्फटेज एकाच जनुकातून येतं, फक्त अंगावरच्या साखरेच्या साखळ्या वेगळ्या. नुसत्या आकड्यावरून कुठलं ते कळत नाही. पण जीजीटी लिव्हरचा आजार असला की साधारण वाढतं आणि हाडाच्या आजारात वाढत नाही. तुमच्या आईचं नॉर्मल आहे. हे सुरुवातीलाच बघितलं असतं तर तीन महिने वाचले असते. असो.

शहापूरची सून

आजी, छान लिहिलंत. सोलरवाले दादा, माझ्या सासूबाईंचंही हाडांचंच होतं. त्यांना आठवड्याला एक गोळी दिली आहे, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. खूप चांगला गुण आला. नाव हवं असेल तर मेसेज करा.

फळा-खडू खानापूर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्या मुलांना हे असं दाखवतो: कोंबडीच्या तंगडीचं हाड धुऊन व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवायचं. क्षार विरघळून जातो आणि हाड रबरासारखं वाकतं, गाठसुद्धा मारता येते. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात लालभडक करायचं. त्यातलं कोलाजेन जळून जातं, आकार तोच राहतो, पण बोटानं दाबलं की खडूसारखं चुरा. आमचा तालुका कुंभारकामाचा, त्यामुळं दुसरा भाग मुलांना पटकन कळतो. कच्चं मडकं आणि भाजलेलं मडकं त्यांनी घरी बघितलेलं असतं. हाडाचं साठ-पासष्ट टक्के वजन क्षाराचं, तरी गाठ मारता येते ती उरलेल्या कोलाजेनमुळं.

आजींना एक विचारतो. आम्ही बी.एस्सी.ला शिकलो तेव्हा पेशीतून बारीक पुड्या सुटतात आणि पहिला स्फटिक त्या पुडीत धरतो असं होतं. तुम्ही तर थेट कोलाजेनच्या फटीतच सुरू केलं.

टिळकवाडीची आजी

सर, पकडलंत. पुड्या आहेत. मॅट्रिक्स व्हेसिकल, शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या. १९६७ मध्ये अँडरसन आणि बोनुची या दोघांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्वतंत्रपणे बघितल्या. त्यांच्या आत एक वेगळं फॉस्फटेज असतं, पुडीच्या आवरणातल्या तुकड्यांतून फॉस्फेट सोडणारं, आणि बाहेरच्या अंगाला आपलं अल्कलाइन फॉस्फटेज. आत क्षार साठतो, आधी बिनआकाराचा, मग त्याचे स्फटिक होतात, पुडी फुटते आणि ते कोलाजेनवर येतात. वाढत्या पोराच्या कूर्चेत आणि घाईघाईनं घडणाऱ्या हाडात या पुड्या ढीगभर दिसतात. मोठ्या माणसाच्या थरावर थर चढणाऱ्या हाडात त्यांचा वाटा किती, यावर भांडणं आजही चालू आहेत. मी कोलाजेनच्या पक्षाची, म्हणून पुड्या गाळल्या. पक्षपात कबूल.

शहापूरच्या सूनबाई, रागावू नका, पण ती गोळी यांच्या आईला नको. आणि का नको हे आपल्या आजच्या गोष्टीतच आहे. फ्लाइशला पायरोफॉस्फेटचं औषध करायचं होतं. अडचण ही, की पोटात गेलं की फॉस्फटेज ते फोडून टाकतं. मग त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दोन फॉस्फेटच्या मधला ऑक्सिजन काढून तिथं कार्बन बसवलेली रसायनं घेतली. आता ते कुणाला फुटेना. त्यातून बिस्फॉस्फोनेट ही औषधं आली, तुमच्या सासूबाईंची आठवड्याची गोळी बहुतेक त्याच घराण्यातली. ती हाडाला घट्ट चिकटते आणि हाड खाणाऱ्या पेशींना गप्प बसवते. सासूबाईंचं हाड विरळ झालं असेल, पण जेवढं आहे तेवढं पक्कं भरलेलं. तिथं ती उपयोगी. यांच्या आईचं हाड भरायचंच राहिलंय. डी ७ आणि कॅल्शियम काठावर असताना ती गोळी पोटात गेली तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकतं. या घराण्यातल्या सुरुवातीच्या औषधानं तर जास्त मात्रेत हाड भरणंच थांबायचं, म्हणजे धडधाकट माणसाला यांच्या आईचा आजार व्हायचा. दोन्ही दुखण्यांना मराठीत आपण "हाडं ठिसूळ झाली" म्हणतो, तिथं गोंधळ होतो. कानडी डॉक्टर "मेत्तग" म्हणाले, ते अचूक.

आणि करदंट, सूप चवीला उत्तम. त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, हाड आम्लाशिवाय आपला क्षार सोडत नाही. सरांचं व्हिनेगर आठवा. नाचणी मात्र खरी, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आंबवून घेतली तर आणखी बरी, कॅल्शियमला धरून ठेवणारं फायटेट आंबवल्यानं कमी होतं. तुमच्या आजीला आंबील कळली होती.

करदंट

आजीला सांगतो. वर आहे ती.

सोलरवाला वडगाव

तीनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. मुकादमाचं आईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, "माझ्या आत कोण ओरडूलालाय रे?"

दोन शंका राहिल्या. डीच्या पुड्या चालू करून पाच आठवडे झाले. दुखणं थोडं कमी आहे, पण काल रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फटेज ४१० झालं. वाढलं की! आणि उन्हाचं. डॉक्टर उन्हात बसवा म्हणाले. आई ऐकत नाही. म्हणते, उन्हात पान वाळतं, वळताना फुटतं, फुटलेली विडी कारखान्यात कट करतात, पैसे कापले जातात. तीस-पस्तीस वर्षं ती आत बसली ती यासाठीच. ओल्या फडक्यात पान गुंडाळायचं आणि सावलीतच बसायचं. हे मला आत्ता कळलं. लहानपणी मला वाटायचं तिला ऊन आवडत नाही.

टिळकवाडीची आजी

४१० ला घाबरू नका. काँक्रीटची गाडी आली की साइटवर आधी गडबड वाढते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत हा आकडा चढलेला मी पुष्कळ वेळा बघितलाय, पुढं महिन्यांच्या हिशेबानं उतरतो. तरी डॉक्टरांना दाखवाच, मी पेशंट बघितलेला नाही. पुडीबरोबरची कॅल्शियमची गोळी बंद करू नका, आता ती कामाला यायला लागली आहे. जेवणाबरोबर द्या. चहाबरोबर देत असाल तर ते थांबवा.

वेळ लागेल. निरोगी माणसातही पेशीनं टाकलेलं कोलाजेन आठ-पंधरा दिवस तसंच ओलं राहतं, मग क्षार धरायला लागतो. बराचसा भर पटकन पडतो, उरलेला महिनोन् महिने मुरत राहतो. तुमच्या स्लॅबला २१ दिवस पाणी मारलं की झालं, इथं तसं नाही. तुमच्या आईच्या हाडावर कित्येक महिन्यांचा न भरलेला थर साठलाय, तो सगळा आता भरायचा आहे.

ऊन म्हणाल तर ते कातडीवर थेट पडायला हवं. काचेच्या खिडकीतून आलेलं चालत नाही, काच तो किरण गिळते. दहा-अकरा ते दोन-तीनच्या मधलं. सकाळचं कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण डी बनवायला त्यात दम नसतो. आणि आकडा ७ असताना नुसत्या उन्हावर राहू नका, पुडी चालू ठेवा. पानाचं मात्र मला सुचत नाही, ते तुम्ही बघा.

सोलरवाला वडगाव

रविवारी निपाणीला जाऊन आलो. मागच्या परड्यात जुन्या सोलरची फ्रेम पडली होती, तिच्यावर पत्रा टाकून पानांच्या टोपलीपुरती सावली केली, टोपलीवर ओलं गोणपाट. आई पत्र्याच्या कडेला बसते, सूप आणि पान सावलीत, पाय आणि हात उन्हात. साडेअकरा ते साडेबारा. पहिल्या दिवशी दोन पानं फुटली म्हणून मला फोनवर शिव्या. काल एकही नाही म्हणे.

फॉस्फेटचे गोळे इतकी वर्षं टाकतोय, आत काय चालतं कधी विचार केला नव्हता. आता अनगोळला एक कॉईल काढायची आहे, निघतो. सर, व्हिनेगरचा प्रयोग पोरीला दाखवणार आहे. तिला आधी गाठच मारायची आहे.